तार ऐकणारे मास्तर

बायकोला जाऊन दहा महिने झाले. भेटायला येणारे सगळे येऊन गेले. प्रत्येकजण तिच्याबद्दल चांगलं बोलला आणि चहा पिऊन गेला. पण एका माणसाची आठवण कुणी काढली नाही. तो माणूस नसता तर ही बाई माझ्या घरात राहिली असती की नाही, मला शंका आहे. राहिली असती कदाचित, पण बोलली नसती.

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हे, तारमास्तर. तीसेक वर्षं तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट करत बसलेले. रिटायर झाल्यावर डोंबिवली पूर्वेला एक गाळा घेतला, आधी एसटीडीचा फोन ठेवला, आणि नव्वदचं दशक सरत आलं तसा एक कॉम्प्युटर आणि इंटरनेट. राहायला कळव्याला. रोज सकाळी डबा घेऊन यायचे आणि अकरा वीसला जेवायचे. अकरा वीस म्हणजे अकरा वीस. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी डबा उघडायचे आणि त्याला म्हणायचे, "तुम्ही बोला. मी कानाने जेवत नाही."

सगळ्यांना अहो-जाहो करायचे. गाळ्याच्या पायरीवर एक कुत्रं झोपायचं, त्यालासुद्धा "आपण जरा बाजूला व्हा" असं म्हणून आत जायचे. स्वतःच्या घरी फोन घेतला नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दिवसभर लोकांचं ऐकतो. घरी फक्त बायकोचं ऐकतो. कानाला तेवढं पुरे."

कुणी काही सांगत असलं की त्यांचं उजव्या हाताचं एक बोट टेबलावर चालायचं. टक, टक-टक. समोरचा बोलेल ते सगळं बोट तारेच्या भाषेत लावत बसायचं. त्यांना स्वतःला ते कळतही नसावं. नवीन माणसाला वाटायचं, मास्तर कंटाळलेत. उलट होतं. बोट थांबलं की समजायचं, मास्तर ऐकत नाहीत.

मी वायरमन. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. एमआयडीसीतल्या कारखान्यांची कामं करायचो, आणि इमारतींमध्ये फोनच्या तारा टाकायचो. मास्तरांच्या गाळ्याचं वायरिंग माझंच. तिथून ओळख झाली आणि ते मला सोबत न्यायला लागले.

कुठे न्यायला, ते सांगतो. गाळ्यात फोन करणारे यायचे, पण मास्तरांचा खरा धंदा वेगळा होता आणि त्याचे ते पैसे घेत नसत. लोक त्यांना विचारायला यायचे, घरी इंटरनेट घ्यायचंय, कुठलं घेऊ? दुकानासाठी कुठलं, ऑफिससाठी कुठलं? तेव्हा ही गोष्ट कुणालाच धड ठाऊक नव्हती. मुलीचं स्थळ विचारायला यावं तसे चेहरे करून लोक बसायचे. मास्तर दोनच प्रश्न विचारायचे. "कुणाला पाठवायचं आहे?" आणि "उत्तर कधी हवं आहे?" पुष्कळांना यातलं एकही माहीत नसायचं.

मग एखाद्या दिवशी मास्तर त्या माणसाच्या घरी जायचे. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला मोडेम. सोबत मी, माझी हत्यारं आणि शिडी. पहिलं काम म्हणजे फोनचा रिसीव्हर उचलायचा, नंबर लावायचा नाही, कानाला धरून डोळे मिटायचे. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. घरातली माणसं गप्प उभी. मला पहिल्यांदा वाटलेलं, देवाचं नाव घेतायत. मग डोळे न उघडताच म्हणायचे, "वायरमन, या तारेत ओल आहे." मी जिन्याखालचा डबा उघडायचो. एकदा त्यात पालीने अंडी घातलेली. एकदा मुंग्या. एकदा काहीच नव्हतं, सगळं कोरडं ठणठणीत. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "मग पुढच्या डब्यात." पुढच्या डब्यात होती.

त्यानंतर मोडेम लावायचा. तो किंचाळायचा, मास्तर मान डोलवायचे. नुसत्या आवाजावरून त्यांना लाईनचा वेग कळायचा. "अठ्ठावीस लागला." किंवा, "आज चौदावर अडलं, दम लागलाय तारेला." मग किती मिनिटांनी लाईन तुटते ते लांब वहीत लिहायचे. एकदा मोजून भागायचं नाही. नळाला पाणी यायच्या आधी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी सगळं गाव फोनवर बोलत असतं तेव्हा एकदा. तेही तीन दिवस. घरमालक वैतागायचा. "मास्तर, आता सांगून टाका ना, घेऊ की नको?" मास्तर म्हणायचे, "घाई कुणाला आहे? तुम्हाला की तारेला?"

एमआयडीसीत एक रंगवाला शेठ होता. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या त्याच्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाने लीज लाईन घेतली, म्हणजे रात्रंदिवस उघडी राहणारी स्वतःची वेगळी तार. ते ऐकून हा पेटला. गाळ्यात आला आणि उभ्याउभ्याच बोलला, "मास्तर, आपल्याला पण लीज लाईन पाहिजे. खर्चाचं बोलू नका."

अकरा वीस झालेले. मास्तर जेवत होते.

"काय पाठवता?"

"पत्रं."

"किती?"

"आठवड्याला दोन-तीन. कधी चार."

मास्तरांनी घास संपवला. "शेठ, तुमच्याकडे सायकल आहे?"

"शिपायाकडे आहे. का?"

"तिच्यासाठी बोगदा खणणार का?"

शेठला त्यांनी सांगितलं की साधा फोन घ्या, साधा मोडेम लावा, आणि मोडेम चालू असताना दुसऱ्या टेबलावरून कुणी रिसीव्हर उचलू नये एवढं बघा. शेठ रागावला. लीज लाईन नाही तर नाही, म्हणून त्याने आयएसडीएन घेतली. एकाच तारेवर दोन वाटा, एकीवर बोला, दुसरीवर इंटरनेट चालवा, आणि लाईन स्वच्छ. मास्तरांना ती लाईन आवडायची. घरांचे नकाशे काढणारा एक माणूस होता, त्याला ते स्वतःहून म्हणालेले, "तुम्हाला हीच हवी, स्वस्तातली घेऊ नका," आणि माझ्याकडून तीन दिवस खपून नवी तार ओढून घेतलेली. म्हणून शेठच्या आयएसडीएनच्या डब्याचं त्यांना वाईट वाटायचं. त्या डब्यावर शेठने क्रोशाचा रुमाल घातलेला. दसऱ्याला मशीनबरोबर त्यालाही झेंडूची माळ. बाकी काम शून्य. आम्ही तिथून जाताना मास्तर हळू आवाजात म्हणायचे, "इतकी चांगली लाईन, आणि बोलायला घरात कुणी नाही."

घरवाल्यांना ते पाण्यावरून समजवायचे, कारण डोंबिवलीत पाण्याचं गणित सगळ्यांना येतं. "साधं फोनवरचं इंटरनेट म्हणजे नळ. धार बारीक, मध्येच जाईल, पण बादली तुमची. आयएसडीएन म्हणजे दोन नळ, दाब चांगला, पण पाइप शेवटपर्यंत धड हवा. लीज लाईन म्हणजे बोअरवेल. खणणारा खूश, घरमालक कोरडा." तेव्हा केबल टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट द्यायचं नवीनच निघालेलं. त्याबद्दल विचारलं की मास्तर नाक मुरडायचे. "ती इमारतीची टाकी. बाकीचे झोपलेले असले तर धो-धो. सगळ्यांनी नळ सोडले की थेंब थेंब. आणि वर टाकीत कोण पाय धुतोय, ते खाली पिणाऱ्याला कळत नाही."

मला हे पटायचं नाही. केबलवाल्याची कामं मी घेत होतो, गच्च्यांवरून त्याच्या तारा मीच ओढत होतो. मी मास्तरांना सारखा बोलायचो, घ्या की केबल, फोन अडकत नाही, वेळ मोजत बसायला नको, वेग बघा. ते बोटाने टकटक करत ऐकून घ्यायचे आणि दुसरं काहीतरी काढायचे.

मास्तरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी कळव्याला त्यांच्या घरी गेलेलो. पुतण्याकडे ती लांब वही मागितली. तो म्हणाला, रद्दीत गेली. अर्ध्या डोंबिवलीच्या तारा त्या वहीत होत्या. असो.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला स्वतः सांगितलेली. मी एकदा सहज बोललो, "मास्तर, जन्मभर लोकांच्या तारा वाचल्यात. कुणाकुणाचं काय काय कळलं असेल नाही?"

"तार वाचायची, पोचवायची, विसरायची," ते म्हणाले. आणि बोटाने टकटक करत पुढे सांगितलं. त्यांचे वडील गावी वारले, ती तार त्यांच्याच टेबलावर आली. त्यांनीच ऐकली, त्यांनीच कागदावर उतरवली. पाकिटात घालून वर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला आणि तार वाटणाऱ्या शिपायाकडे दिली. ड्यूटी संपायला दोन तास होते, ते केले. मग घरी जाऊन दारात बसले. शिपाई आला. त्याच्याकडून तार घेतली, सही केली, आणि मग बायकोला हाक मारून रडले.

मी म्हटलं, "असं कुठे असतं का मास्तर? बापाची बातमी!"

"ऑफिसात आली तेव्हा ती खात्याची होती," ते म्हणाले. "दारात आली तेव्हा माझी झाली."

मला तेव्हा तो माणूस दगड वाटला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "दगड नाही हो," एवढंच बोलली आणि निवडत राहिली. तिला मास्तर माझ्याहून जास्त माहीत होते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत.

माझ्या मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा चांगला होता, शिकलेला, एसीच्या कंपनीत कामाला. जात आडवी आली, दुसरं काहीही नाही. मी तिला सांगितलं, गेलीस तर या दाराला परत हात लावायचा नाही. ती गेली. पुढे दोघं मस्कतला गेली. तिथून तिने दोनदा फोन केला, दोन्हीदा मी उचलला आणि ठेवून दिला. बायको शेजारी उभी होती. तिच्या हातात मी रिसीव्हर दिला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहितो.

बायको बाळकुमची. खाडीकाठचं माहेर, आई मासळी विकायची, सगळं घर मोठ्या आवाजात बोलणारं. हीसुद्धा फटकळ. पण त्या प्रकरणात ती गप्प झाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पोळी वाढायची, पाणी द्यायची, आणि गप्प. आमच्या घरात दोन वर्षं फक्त भांडी वाजत होती.

आणि या दोन वर्षांत ती दर शुक्रवारी मास्तरांकडे जाऊन मुलीला पत्र पाठवत होती.

शुक्रवारच का, तर डोंबिवलीचे कारखाने शुक्रवारी बंद असतात. मशीन बंद म्हणजे आम्हा वायरमनना त्याच दिवशी काम. मी सकाळी जायचो तो संध्याकाळी यायचो. आणि तिकडे मस्कतलाही शुक्रवारी सुट्टी, जावयाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मोकळा. मुलगी तिथे जाऊन बसायची. माझ्या बायकोने हे सगळं बरोबर जुळवलेलं.

गाळ्यात काय चालायचं, ते तिने मला पुढे सांगितलं. पहिल्या शुक्रवारी ती पाव तास बोलली. "तिला लिहा, की ऊन फार आहे, कैऱ्या आल्यात, शेजारच्या काकूंनी तुझी आठवण काढली, तू जेवतेस ना नीट, डोक्याला तेल लावतेस ना, तिकडचं पाणी म्हणे खारट असतं, केस गळतील..." मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, टाइप केलं आणि वाचून दाखवलं. "सर्व ठीक. कैऱ्या आल्या. जेव. तेल लाव. आई."

"एवढंच?"

"सगळं आलं."

"काकू कुठे आल्या?"

"सर्व ठीक म्हटलं ना. त्यात त्या आल्या."

"अहो मास्तर, इथे शब्दाला पैसे पडतात का?"

मास्तर म्हणे तिच्याकडे बघतच राहिले. मग हळूच बोलले, "नाही पडत." जसं काही त्यांना ते आत्ताच कळलं. त्यांनी सगळं पुसलं आणि परत पहिल्यापासून लिहिलं, उन्हासकट, काकूंसकट. साठीनंतर हा माणूस लांब पत्र लिहायला शिकला.

तिच्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरपुढे एक जुना पडदा लावला. मुलीचं उत्तर आलं की आधी लाईन बंद करायचे, मग हळू आवाजात वाचून दाखवायचे. पत्रं कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे, पण बाहेर नाव नाही, नुसता नंबर. आणि शनिवारी मी त्याच खुर्चीत बसून त्यांचा चहा प्यायचो. एका शब्दाने, एका नजरेने त्यांनी कधी कळू दिलं नाही. मी एकदा त्यांना विचारलेलंसुद्धा, "मास्तर, याच्यावरून मस्कतला पत्र किती वेळात जातं हो?" का विचारलं, माझं मला माहीत नाही. ते म्हणाले, "पाठवणाऱ्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात."

मग मुलीला मुलगी झाली. त्या दिवशी मी घरी आलो तर शिरा केलेला. मी विचारलं, काय आहे आज? "रवा जुना झालेला," बायको बोलली.

मुलीने बाळाचा फोटो पाठवला. आणि तिथे मास्तरांची लाईन कमी पडली. तेव्हा फोटो एकदम दिसायचा नाही. वरून खाली, पट्टी पट्टी करत उतरायचा. फोटो मोठा होता, आणि दर वेळी बाळाच्या टोपीपर्यंत आला की लाईन तुटायची. मास्तरांनी चार शुक्रवार प्रयत्न केला. चारही शुक्रवार ही बाई नातीची टोपी बघून घरी आली.

पाचव्या आठवड्यात मास्तरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "वायरमन, केबल टाका."

मी खूश. पण मला आश्चर्यही वाटलं. "तीन दिवस बसून ऐकणार नाही?"

"नाही. वेळ नाही."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मंगळवारी मी तार टाकून दिली. केबलवाल्याने येऊन कॉम्प्युटर जोडला. फोटो मास्तर शुक्रवारी माझ्या बायकोसमोरच उघडणार होते. काम नवीन, त्यालाही धड येत नव्हतं. त्या तारेवर जेवढे कॉम्प्युटर होते, तेवढे सगळे एकमेकांना उघडे. एकाच्या घरात बसून दुसऱ्याचं कपाट बघावं तसं. मास्तरांना जन्मभराच्या तारांचं सगळं माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी टपरीवर केबलवाला भेटला. हसतच आला. "काका, अभिनंदन! नात झाली आणि पेढे कुठेयत?"

"कुणाची नात?"

"आता घ्या! तुमची. मस्कतला. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर पत्र वाचलं ना, त्यात तुमचं नाव होतं. अजून सगळ्यांचं सगळ्यांना दिसतंय, उद्या-परवा बंद करतो." तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच पेढे हवे होते.

मी चहा तिथेच ठेवला. गाळ्यावर गेलो, तिथेच ठेवलेली शिडी लावली, दोन दिवसांपूर्वी टाकलेली केबल पकडीने कापली आणि तिचं टोक हातात घेऊन आत गेलो.

"माझ्या बायकोला इथे बसवून माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता?"

"लिहितो," मास्तर म्हणाले.

"मला नात झाली, आणि तुम्ही समोर बसून चहा पाजता? एक शब्द बोलत नाही?"

"ती तार तुमच्या नावाची नव्हती."

"केबलवाल्याच्या नावाची होती का?" मी ओरडलो. "त्याने वाचली. टपरीवर पेढे मागतोय माझ्याकडे!"

मास्तरांचं बोट थांबलं. त्यांनी मला परत सांगायला लावलं, कसं दिसलं, कुणाकुणाला दिसलं. मी सांगितलं. ते उठले, कॉम्प्युटर बंद केला, परत बसले. अकरा वीस झाले, साडेअकरा झाले. डबा तसाच. मला वाटलेलं मी भांडून मोकळा होईन. पण त्या माणसाकडे बघवेना. मी केबलचं टोक तिथेच टाकून निघालो.

घरी बायकोला कुणीतरी सांगितलेलंच. ती दारात उभी होती.

"कापून आलात?"

"आलो."

"बरं झालं. आधी मुलगी तोडलीत, आता तार तोडलीत. मी राहिले. पकड आहेच हातात."

त्या दिवशी ती जेवली नाही आणि बोलली नाही. पण हे गप्प राहणं वेगळं होतं. मला भीती वाटली, की ही आता बाळकुमला निघून जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे इथेच राहील आणि मरेपर्यंत अशीच राहील.

शुक्रवारी सकाळी ती चांगली साडी नेसली. "मी मास्तरांकडे चाललेय," ती बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा सांगून चाललेली. "अडवायचं असेल तर अडवा."

मला त्या दिवशी एका कारखान्यात मोटरचं काम होतं. मी गेलो नाही. हत्यारांची पिशवी घेतली आणि तिच्या मागून चालत राहिलो. पिशवी का घेतली, ते माहीत नाही. वायरमन घरातून पिशवीशिवाय निघत नाही.

गाळ्यात मास्तर तिच्यापुढे उभे होते. हातात एक फ्लॉपी. "बाई, तुमची सगळी पत्रं यात आहेत. इथली मी पुसली. चूक माझी. मी घाई केली."

"फोटोसाठी केलीत ना," ती बोलली. "बसा. आणि लावा ते फोनवरचंच. टोपी तर टोपी."

मी दारात. दोघांनीही मला बघितलं. मास्तरांनी रिसीव्हर उचलला, डोळे मिटले. मिनिटभर ऐकलं.

"बाहेर खांबावर सांधा सैल आहे," ते म्हणाले. "बोलायला चालतो, मोडेमला चालत नाही. मंगळवारच्या आधी नव्हता असा. कुणी केलाय?"

केबल ओढताना फोनची तार आड येत होती. ती मी तोडून बाजूने घेतलेली आणि हाताने पिळून तशीच सोडलेली. नंतर करू म्हणून.

"मी," मी म्हटलं.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "मग चढा."

मी गाळ्यातली शिडी लावून चढलो. पीळ अर्धा सुटलेला होता, तो मी बोटांनी दाबून बघितला. नीट करायचा तर आधी सोडवायला हवा होता, पण तेवढ्यात आत मोडेम किंचाळला आणि मास्तर ओरडले, "वायरमन, आता सोडू नका! अठ्ठावीस लागलाय!" मास्तर ओरडलेले मी तेव्हाच ऐकले. मी दोन्ही टोकं चिमटीत दाबून धरली आणि तसाच उभा राहिलो.

वरून मला गाळ्याची पायरी दिसत होती, तिच्यावरचं कुत्रं दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"टोपी आली!" आतून बायको ओरडली.

बाळकुमचा आवाज. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. ज्या पत्रांसाठी मास्तरांनी पडदा लावलेला, त्यातली गोष्ट ही आता गल्लीभर सांगत होती, आणि मास्तर तिला थांबवत नव्हते.

"कपाळ आलं!"

"कसं आहे?" मी वरून विचारलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं.

मग, "मोठं आहे. तुमच्यासारखं."

"डोळे?"

"येतायत... आले. मिटलेत. झोपलीय पोर."

माझे दंड भरून आले. डोक्याच्या वर हात धरून दहा मिनिटं उभं राहून बघा, म्हणजे कळेल. घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात नव्हता. खालून एकजण बोलला, "काका, शिडी धरू का?" मी म्हटलं, "धर, पण हलवू नकोस."

"थांबलं!" बायको ओरडली. "नाकावर थांबलं! अहो, हलू नका!"

"मी नाही हलत!"

मी आणखी दाबलं. तारेचं टोक बोटात घुसलं. मास्तर आत काहीतरी बोलले.

"चाललं! नाक आलं. आपल्या पोरीचं नाक आहे, डिट्टो."

आपल्या पोरीचं, असं बोलली. ते नाकाचं बाळ आता कॉलेज करून नोकरीला लागलंय, आजीच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून होतं. पण त्या दिवशी ते मला पट्टी पट्टीने ऐकू येत होतं. ओठ आले. हनुवटी आली. गळ्यातला काळा मणी आला. मग आतून आवाज यायचा बंद झाला. थोड्या वेळाने बायको पायरीवर आली, पदराने तोंड पुसत शिडीखाली येऊन उभी राहिली आणि वर बघितलं.

"आला सगळा. उतरा आता. बघा येऊन."

"लाईन आहे अजून?" मी विचारलं.

"आहे, म्हणतायत मास्तर."

"मग तिला लिही. मी धरलीय तोवर."

तिने पदर खोचला. मग आत गेली. आता ओरडणं नव्हतं, हळू आवाजात बोलणं होतं, आणि मास्तरांचं टाइप करणं. शब्द ऐकू येत नव्हते. खांद्यांत गोळे आले, बोटातून रक्त आलं, शिडी धरणारा कंटाळून निघून गेला. ती आत बोलत होती, आणि मी धरून उभा होतो.

काय लिहिलं, ते मी तिला कधी विचारलं नाही.